पळसाचे पान

गोंदिया जिल्ह्यात धानाच्या बांधीच्या धुऱ्यावर पळस उभा असतो. फाल्गुनात त्याच्या केशरी फुलांकडे सर्वांची दृष्टी जाते. पानांचे उपकार मात्र सहसा कोणाच्या ध्यानी येत नाहीत. बांबूच्या बारीक काड्यांनी ही पाने टाचली, की पत्रावळ तयार होते. जेवणानंतर ती उकिरड्यावर पडली, तरी तिचे खतच होते. धुऱ्यावरचे पान असे पुन्हा बांधीत परत येते.

पुढे प्लास्टिकची व थर्मोकोलची ताटे पंगतीत आली. ती कुजत नाहीत. उष्ट्याच्या वासाने गाय प्लास्टिकही गिळते आणि ते तिच्या पोटात साचून राहते. २०१८ साली महाराष्ट्र शासनाने अशा ताटांवर व पिशव्यांवर बंदी घातली. परंतु कायदा काही पंगतीत वाढायला येत नाही! तेथे वाढतात ती घरचीच मुले. एखाद्या मुलीने घरच्या कार्यात पत्रावळीच हव्यात असा आग्रह धरला, तर थोरांना तो पोरकट हट्ट वाटेल. पण पहाटे उठून पाने आणण्याची आणि दुपारभर ती टाचत बसण्याची तिची तयारी असेल, तर तो हट्ट राहत नाही. त्यालाच निश्चय म्हणतात.