‘अनुभव’ या रकान्यात काय लिहाल?

मैत्रिणींनो, नोकरीचा अर्ज लिहायला बसलं की नाव, पत्ता, शिक्षण इथपर्यंत पेन भराभर चालतं. मग ‘अनुभव’ हा रकाना येतो, आणि तिथे आडवी रेघ मारून आपण मोकळ्या होतो.

ही रेघ मारणाऱ्या आपण एकट्याच नाही बरं का. २००१ च्या जनगणनेत घर सांभाळणाऱ्या बायकांना भिकारी आणि कैदी यांच्या पंक्तीला बसवलं होतं. २०१० साली सर्वोच्च न्यायालयाने अपघात-भरपाईच्या एका निकालात त्याबद्दल तीव्र नापसंती नोंदवली. २०२४ च्या सरकारी पाहणीत तर घरचं बिनपगारी काम करणाऱ्या बाईची त्यात दिवसाला २८९ मिनिटं जातात आणि ते करणाऱ्या पुरुषाची ८८, असं दिसलं.

तुम्ही म्हणाल, मग काय अर्जात पोळ्या किती लाटल्या ते लिहायचं? मुळीच नाही. पण त्याच वर्षांत घराबाहेरच्या माणसांसाठी, ठरल्या वेळी, हिशेबाने जे केलं, ते नक्की लिहायचं.

माझंच सांगते. माझं बी.ए. २००९ चं. मग लग्न, दोन मुलं. गेली चार वर्षं देगलूरच्या एका खाजगी शाळेत तासिकेवर मराठी शिकवते. जितके तास तितके पैसे. मे महिना कोरडा, आणि जूनमध्ये पुन्हा बोलावतीलच याची खात्री नाही. थोरली आता नववीला आहे, दहावीच्या क्लासची फी आत्तापासून डोळ्यांपुढे दिसते. म्हणून बाराही महिने पगार मिळेल अशा जागेसाठी अर्ज करायचा ठरवला.

आधी एका वहीत वर्षावार आठवून सगळं उतरवलं. २०१४ ते २०२१ घरी शिकवणी, एका वेळी आठ-दहा मुलं. तीन वर्षं बचत गटाची सचिव: बारा जणींचा दरमहा हिशेब, बँकेची कामं, बैठकीचं इतिवृत्त. आणि तेलुगू! आपलं गाव तेलंगणाच्या सीमेवर, कर्नाटकही जवळ. बाजारात बोलून बोलून आलेल्या भाषेला आपण शिक्षणात धरतच नाही. पण घरी तेलुगू बोलणाऱ्या मुलाला मराठी शिकवताना तीच उपयोगी पडते. तेही लिहिलं.

आता लिहिण्याची रीत. सर्वांत अलीकडचं काम सर्वांत वर. प्रत्येक कामापुढे कधीपासून कधीपर्यंत, कुठे आणि किती. नुसतं ‘शिकवण्याचा अनुभव’ न लिहिता ‘पाचवी ते सातवी, मराठी, आठवड्याला १२ तास’ असं लिहा. अनुभवाचा दाखला दरवर्षी एप्रिलमध्येच मागून घ्या. मुख्याध्यापक बदलले की जुनं कोण सांगणार? गुणपत्रिका माहेरच्या नावाची आणि आधार सासरच्या नावाचं असेल, तर विवाह नोंदणीच्या दाखल्याची प्रत जोडा. सगळं मिळून दोन पानांपेक्षा जास्त नको.

आणि एक पथ्य पाळा. ज्यावर मुलाखतीत दोन प्रश्न विचारले तर उत्तर देता येणार नाही, ते कागदावर नको. माझं बी.एड. नाही, तर ‘नाही’ असंच लिहिलं. मुलं खेळवली त्याला ‘बालसंगोपन तज्ज्ञ’ म्हटलं, तर वाचणारा हसेल आणि खऱ्या कामावरचाही विश्वास उडेल.

कागद वाचून आमचे हे म्हणाले, “एवढं सगळं तू कधी केलंस?” एका घरात राहणाऱ्या माणसाला जर हा प्रश्न पडतो, तर परक्या संस्थाचालकाला आपण न सांगता कसं कळावं?

अर्जाचं उत्तर अजून यायचं आहे. पण तुम्ही मात्र जाहिरातीची वाट पाहू नका. आज दुपारची भांडी आवरली की वही घ्या, लग्नाचं वर्ष वर लिहा आणि खाली एकेक वर्ष आठवत या. एका बैठकीत संपणार नाही, हे आधीच सांगून ठेवते.