साडेतीन ग्रॅम हवा

गाडीत बेस बसवून घ्यायला आलेला माणूस आधी विचारतो, "वूफर किती इंची घालू?" मग विचारतो, "अँप किती वॅटचा लागेल?" बॉक्सबद्दल तो काहीच विचारत नाही. वूफरबरोबर मिळेल तो बॉक्स घ्यायचा, डिकीत ढकलायचा आणि वायर जोडायची, असंच बहुतेकांच्या डोक्यात असतं. माझ्या कामाची सुरुवात मात्र बॉक्सपासून होते. एकच बारा इंची वूफर एका पेटीत गाण्याला पाया देतो आणि दुसऱ्या पेटीत नुसता धम्म-धम्म करत राहतो. फरक असतो तो पेटीच्या आतल्या हवेत.

वूफरचा पडदा पुढे सरकला की समोरची हवा दाबली जाते आणि त्याच क्षणी मागची हवा विरळ होते. खालच्या सुरांच्या लाटा लांबलचक असतात. ३५ हर्ट्झची एक लाट जवळजवळ १० मीटरची. एवढी लांब लाट बारा इंचांच्या पडद्याला सहज वळसा घालते आणि पुढची-मागची एकमेकींना खाऊन टाकतात. उघड्या वूफरला बेस नसतो तो यामुळे. त्यावरचा सोपा उपाय म्हणजे मागची बाजू सीलबंद करून टाकणं. पण मग पडद्याची निम्मी मेहनत पेटीत कोंडून वाया जाते. पोर्टेड बॉक्स ही निम्मी मेहनत परत मिळवतो. पेटीला एक नळी बसवायची, म्हणजे मागची उलटी लाट त्या नळीतल्या हवेला हलवते. ती हवा लाटेला पुन्हा उलटवून सुलटी करून बाहेर सोडते.

हे घडतं कसं, ते रिकाम्या बाटलीच्या तोंडावर फुंकर घातली की ऐकू येतं. बाटलीच्या मानेतली हवा हे वजन आणि पोटातली हवा ही स्प्रिंग. एकोणिसाव्या शतकात जर्मन शास्त्रज्ञ हेल्महोल्ट्झ यांनी याचा नीट अभ्यास केला, म्हणून अशा पोकळीला त्यांचंच नाव आहे. पोट मोठं केलं की सूर उतरतो, मान लांब केली की उतरतो, मान रुंद केली की चढतो. पोर्टेड बॉक्सचं सगळं गणित या तीन वाक्यांत येतं.

आकडे घालून पाहू. बारा इंची वूफर, आत निव्वळ ५० लिटर हवा आणि आतून १० सेंटिमीटर व्यासाची गोल नळी. पेटीचा सूर ३५ हर्ट्झला हवा असेल तर नळी ३१ सेंटिमीटर लांब येते. या नळीतली हवा आणि तिच्या दोन्ही तोंडांशी तिच्याबरोबर हलणारी थोडी हवा मिळून वजन भरतं साडेतीन ग्रॅमच्या आसपास. समोर वूफरचा पडदा आणि कॉइल मिळून दीडशेएक ग्रॅम. साडेतीन ग्रॅम त्याच्यापुढे किस झाड की पत्ती, असं वाटेल. पण पडद्याचं क्षेत्रफळ नळीच्या तोंडाच्या सहापट आहे आणि वजनाचा हिशेब या सहाच्या वर्गानं होतो. म्हणजे पडद्याला ती हवा सव्वाशे-दीडशे ग्रॅमची वाटते, जवळजवळ स्वतःच्याच वजनाची. ट्यूनिंगच्या सुरावर वूफरकडे नीट पाहा. नळीच्या तोंडाशी धरलेला कागद फडफडत असतो, अंगावर वारा येतो आणि पडदा मात्र जवळपास स्थिर दिसतो. त्या सुराला वाजवणारी नळीतली हवाच असते. इतकी वर्षं हे काम करूनही ते दृश्य दिसलं की मी दोन मिनिटं बघत उभा राहतो.

ही कल्पना जुनी आहे. बेल लॅब्समधल्या अल्बर्ट थुरास यांनी १९३० साली तिच्या पेटंटसाठी अर्ज केला आणि १९३२ मध्ये ते मंजूर झालं. तरी पुढची तीस वर्षं बॉक्स बनत होते ते बरेचसे अंदाजानं, भोक लहान-मोठं करत. १९६१ मध्ये ऑस्ट्रेलियातल्या नेव्हिल थील यांनी एका निबंधात वूफरची वैशिष्ट्यं मोजून त्यावरून पेटी कशी काढायची ते दाखवलं. तो निबंध जगाच्या लक्षात आला दहा वर्षांनी, १९७१ मध्ये अमेरिकेतल्या ऑडिओ इंजिनिअरिंग सोसायटीच्या नियतकालिकात पुन्हा छापला गेला तेव्हा. सिडनी विद्यापीठात रिचर्ड स्मॉल यांनी ते काम पूर्णत्वाला नेलं. आज वूफरच्या खोक्यात जो आकड्यांचा कागद असतो, एफएस, क्यूटीएस, व्हीएएस वगैरे, तो या दोघांची देणगी. तो कागद फेकू नका. क्यूटीएस ०.३ ते ०.४ च्या आसपास असेल तर तो वूफर पोर्टेड पेटीत खुलतो. ०.५ च्या बराच वर असेल तर त्याला सीलबंद पेटीच द्यावी.

इथवरचं गणित घराला लागू आहे तसं गाडीलाही. गाडीची खरी गोष्ट मात्र यापुढे सुरू होते आणि बहुतेक बॉक्स बिघडतात ते इथेच.

गाडीच्या आतली पोकळी साधारण पावणेतीन मीटर लांब. ६० हर्ट्झच्या खाली लाटेची अर्धी लांबीसुद्धा तिच्यात मावत नाही. मग लाट पसरायच्या ऐवजी सगळ्या केबिनमधला दाबच एकदम वर-खाली होतो. परिणाम असा, की सूर जितका खाली उतरेल तितकी गाडीच त्याला उचलून धरते. पुस्तकी हिशेबानं दर सप्तकाला १२ डेसिबल. प्रत्यक्षात काचा, दारं आणि छताचा पत्रा लवतात, फटींतून हवा निसटते, त्यामुळे एवढं मिळत नाही. पण जे मिळतं तेही भरपूर असतं. ६२ वरून ३५ हर्ट्झपर्यंत उतरलात तर कागदावर नऊ-दहा डेसिबलची वाढ होते. दहा डेसिबल म्हणजे कानाला जवळजवळ दुप्पट.

आता संगणकावर कुणी ३५ हर्ट्झपर्यंत सरळ, सपाट रेषा येईल असा सुंदर बॉक्स काढला, तर तो दिवाणखान्यात शोभेल. गाडीत त्याच रेषेला ४० च्या खाली डोंगर उगवेल. म्हणून माझं ठाम मत आहे, की गाडीचा बॉक्स कागदावर सपाट असूच नये. ६० पासून खाली येताना त्याची रेषा हळूहळू झुकलेली असावी, म्हणजे वरचा भार गाडी उचलते. त्यासाठी मी वरच्या उदाहरणातली पेटी तेवढ्याच ५० लिटरची ठेवून सूर ३५ वरून ३२ ला नेतो. नळी ३१ ची ३९ सेंटिमीटर होते. एवढ्या फरकानं बेस गिटारची उतरती ओळ सुरासुरानं वेगळी ऐकू यायला लागते. चार तारांच्या बेस गिटारचा सगळ्यांत खालचा सूर ४१ हर्ट्झचा असतो, पाच तारांच्या गिटारचा ३१ चा. म्हणजे ३२ ला संगीताचं जवळजवळ सगळं तळघर आलं.

बाजारातले तयार बॉक्स याच्या उलट दिशेला जातात. आत ३५ लिटर जागा, साडेसात सेंटिमीटर व्यासाची आणि जेमतेम १२ सेंटिमीटर लांबीची प्लॅस्टिकची नळी. हिशेब केला तर ट्यूनिंग येतं ४६ हर्ट्झला. दुकानात पहिल्या दहा सेकंदांत हा बॉक्स जबरदस्त वाटतो, कारण त्या एका सुरावर तो जीव तोडून वाजतो, आणि वर गाडीची मदत आहेच. पण नंतर प्रत्येक गाणं त्याच एका सुरात वाजू लागतं. ढोल असो, सिंथ असो, गिटार असो, बेस एकच. तासाभरात डोकं दुखायला लागतं आणि माणसाला वाटतं, वूफरच खराब निघाला.

पेटीचं माप काढताना सगळ्यांत जास्त घोळ होतो तो आत-बाहेरचा. आतून ६२ सेंटिमीटर लांब, ३४ उंच आणि २७.३ खोल पेटी घेतली तर आत साडेसत्तावन्न लिटर जागा होते. हीच पेटी १८ मिलिमीटरच्या पाटीची असेल तर बाहेरून मोजल्यावर ७६ लिटर भरते. बाहेरच्या मापावर नळी कापली तर सगळंच चुकलं. आणि साडेसत्तावन्न हासुद्धा शेवटचा आकडा नाही. वूफरचं चुंबक आणि सांगाडा आत तीनेक लिटर जागा खातात, नळी स्वतः तीन-साडेतीन लिटर खाते, आतले आडवे ठोकळे लिटर-दीड लिटर. हे सगळं वजा करून जे उरतं ते खरं माप, म्हणजे आपले ५० लिटर. मागच्या सीटच्या पाठीला पेटी चिकटवायची तर समोरची पाटी तिरकी येते. तिथे वरची खोली आणि खालची खोली यांची सरासरी धरावी.

पाटी म्हणून एमडीएफ छान, कारण ती जड आणि सगळीकडे सारखी असते. पण आमच्या कोल्हापूरच्या पावसात आणि घाटाखाली कोकणात एमडीएफच्या कापलेल्या कडा पाणी पितात आणि फुगतात. ओल्या छत्र्या-चपला डिकीतच पडतात ना! म्हणून मी कोकणातल्या गाड्यांना मरीन प्लायच वापरतो आणि एमडीएफ वापरलीच तर प्रत्येक कड सीलर लावून बंद करतो. सांध्यांना फेविकॉल लावून, क्लॅम्प आवळून, स्क्रू मारून आतून पुन्हा एकदा फेविकॉलची जाड रेघ ओढायची. केसाएवढी फट राहिली तरी ती शिट्टी मारते.

नळी किती रुंद घ्यावी यावर मिस्त्री आणि मी नेहमी वाद घालतो. अरुंद नळी लहान पेटीत मावते. साडेसात सेंटिमीटर व्यासाला ३५ हर्ट्झसाठी फक्त १६ सेंटिमीटर लांबी लागते. मिस्त्रीला ती आवडते. पण तेवढ्या अरुंद वाटेनं हवा फार जोरात धावते आणि आवाज वाढवला की फस्स-फस्स ऐकू येतं. हवेचा वेग सेकंदाला १७ मीटरच्या आत राहिला तर कानाला त्रास होत नाही. म्हणून रुंद घ्यावी म्हटलं, तर १५ सेंटिमीटर व्यासाची नळी पाऊण मीटर लांब होते आणि एकटीच तेरा लिटर जागा खाते. बारा इंची वूफरला १० सेंटिमीटर ही मधली तडजोड. तिची दोन्ही तोंडं मात्र गोलाई देऊन बाहेर वळवायची आणि आतलं तोंड समोरच्या पाटीपासून निदान नळीच्या व्यासाएवढं लांब ठेवायचं. नळी सरळ मावत नसेल तर नळवाल्याच्या दुकानातला एल्बो लावून वळवावी. लांबी मोजताना नळीची मधली रेषा धरावी.

नळी मी नेहमी थोडी लांब कापतो, कारण कापून कमी करता येते. या पेटीत एक सेंटिमीटर कापलं की सूर जेमतेम एक तृतीयांश हर्ट्झ वर जातो. खरा सूर कळायला महागडं यंत्र लागत नाही. अँप आणि वूफर यांच्यामध्ये शंभर ओहमचा रेझिस्टर टाकायचा, आवाज अगदी कमी ठेवायचा आणि फोनवरून १५ पासून ८० हर्ट्झपर्यंत एकेक सूर सोडत वूफरच्या दोन टोकांवर मल्टिमीटर धरायचा. आकडा चढतो, मग उतरतो, पुन्हा चढतो. दोन शिखरांच्या मधली दरी जिथे सगळ्यांत खोल, तिथे तुमच्या पेटीचा सूर. शिखरं बुटकी दिसली तर कुठेतरी हवा गळते आहे. तेव्हा मी उदबत्ती घेऊन प्रत्येक सांध्यावरून फिरवतो. धूर जिथे थरथरतो तिथे पुन्हा फेविकॉल.

यानंतर एक काम न चुकता करायचं. ट्यूनिंगच्या बऱ्याच खाली पेटीतली हवा पडद्याला धरून ठेवत नाही. ती नळीतून आत-बाहेर पळते आणि पडदा मोकाट सुटतो. आवाज फारसा येत नाही, पण कॉइल ठोकर खाऊन फाटते. अँपवर सबसॉनिक फिल्टर असतो, तो आपल्या ३२ च्या पेटीसाठी २५ ते २८ च्या दरम्यान लावावा. बिनफिल्टरचा अँप असेल तर मी पोर्टेड बॉक्स बांधून देत नाही.

डिकीत सीएनजीची टाकी असेल तर प्रश्न वेगळा. उरलेल्या जागेत २५ लिटरची पेटी बसते आणि तिला १० सेंटिमीटरच्या नळीनं ३२ हर्ट्झ हवे असतील तर नळी ८५ सेंटिमीटर लागते. ती जाणार कुठे? अशा वेळी पोर्टचा हट्ट सोडून सीलबंद पेटी घ्यावी. तिचा खालचा उतार सौम्य असतो, दर सप्तकाला १२ डेसिबल, तर पोर्टेडचा २४. गाडी उचलून देते त्यात सीलबंद पेटी उलट छान जमून जाते. ज्यांच्या गाडीत अभंग, नाट्यसंगीत, तबल्याची साथ एवढंच वाजतं, त्यांनाही मी सीलबंदच सांगतो. त्या संगीताचं मुख्य वजन ३५ हर्ट्झच्या बरंच वर असतं. उगाच डिकी का अडवायची? सेडान गाडीत मात्र डिकी आणि केबिन यांच्यामध्ये पत्रा आणि सीट असते. तिथे मागची सीट किंवा वरचा ट्रे यातून हवेला वाट मिळते का, हे मी आधी बघतो. ती नसेल तर सगळा बेस नंबरप्लेट खडखडवण्यात जातो.

शेवटी पेटी जागेवर बसवायची. वूफर धरून तिचं वजन वीस-बावीस किलो होतं. वेगात ब्रेक लागला तर एवढं वजन मागच्या सीटवर आदळतं, आणि तिथे बहुधा मुलं बसलेली असतात. म्हणून गाडीच्या तळाला किंवा मूळच्या हुकांना लोखंडी पट्टी आणि बोल्टनं पेटी आवळल्याशिवाय गाडी आमच्या वर्कशॉपच्या बाहेर पडत नाही. बोल्ट टाकण्यापूर्वी पत्र्याखाली पेट्रोलची टाकी किंवा नळी नाही ना, हे गाडी जॅकवर घेऊन खालून वाकून बघावं लागतं.