सावित्रीच्या पाण्यावरचा तोल

महाबळेश्वराच्या पठारावर उगम पावणाऱ्या पाच नद्यांपैकी कृष्णा, कोयना आणि वेण्णा पूर्वेकडील देशाची वाट धरतात. सावित्री मात्र पश्चिमेचा कडा उतरून कोकणात येते. आंबेनळी घाटाच्या पायथ्याशी पोलादपूर आहे. तेथे सावित्रीचे पात्र अजून डोंगरी स्वभावाचे असते. पावसाळ्यात ती दगडगोटे लोटत धावते आणि उन्हाळ्यात खडकांमधून जेमतेम वाट काढते. कशेडी घाटाने खेडकडे जाणारा आणि आंबेनळीने महाबळेश्वरकडे चढणारा प्रवासी पोलादपूरला थांबतो, चहा घेतो आणि पुढे जातो. या नदीवर कधी काळी व्यापार चालला असेल, अशी शंकाही त्याला येत नाही.

ती खूण पटते महाडला. येथे गांधारी नदी सावित्रीला मिळते आणि येथेच समुद्राची भरती डोंगराच्या पाण्याला भेटते. समुद्र बराच दूर, बाणकोटला असला तरी महाड हे खाडीवरचे बंदर होते. गावाजवळच्या गांधारपाले येथील बौद्ध लेण्यांतील दानलेखांत एका श्रेष्ठीच्या घराण्याचा उल्लेख आहे. म्हणजे सावित्रीकाठची व्यापारी वस्ती सुमारे दोन हजार वर्षांची जुनी समजावयास हरकत नाही. पुढे शिवाजी महाराजांची राजधानी रायगडावर आली, तेव्हा गडाला सर्वांत जवळची मोठी बाजारपेठ महाडचीच होती. वरंधा घाटातून भोर-पुण्याकडे आणि पारघाटातून वाई-साताऱ्याकडे बैलांचे तांडे जात. खाली उतरताना ते देशावरचा माल आणीत व वर चढताना किनाऱ्यावरचे मीठ, नारळ असा माल नेत. घाटाचा आणि पाण्याचा व्यापार एकमेकांच्या हाती माल सोपवीत असे, तो महाड-दासगावच्या धक्क्यांवर.

१९२७ सालच्या डिसेंबरात डॉ. बाबासाहेब आंबेडकर महाडच्या सत्याग्रह परिषदेसाठी निघाले, तेव्हा तेही पाण्याच्याच मार्गाने आले. मुंबईहून ‘पद्मावती’ बोटीने हरिहरेश्वर, तेथून खाडीने दासगाव आणि दासगावहून महाड, असा तो प्रवास झाला. आज मुंबई-गोवा महामार्गावरून जाणाऱ्याला हा द्राविडी प्राणायाम वाटेल. त्या काळी मात्र पाण्याने जाणे नवलाचे नव्हते.

अशा खाडीत मोठे गलबत महाडपर्यंत येत नसे. पाणी उथळ, वळणे अनेक, त्यात प्रत्येक पावसाळ्यात नवा गाळ. त्यामुळे दासगावच्या वर लहान पडाव आणि मचवेच चालत. भरतीबरोबर वर यावे, माल उतरवावा, नवा भरावा आणि ओहोटीबरोबर खाली जावे, असा त्यांचा क्रम. भरणीला वेळ थोडा मिळे आणि तेवढ्यात नाव सरळ ठेवून माल लावणे हीच तांडेलाची परीक्षा असे. जड माल तळाशी व मध्यरेषेवर, हलका वर, दोन्ही बाजूंना सारखी पोती. नाव एका अंगाला कलंडली, तर वळणावर ती नीट वळत नसे, एका बाजूने पाणी घेई आणि ओहोटीला गाळावर टेकली की आणखीच आडवी होई.

आता महाडचा माल ट्रकने आणि रेल्वेने जातो. पण सावित्रीच्या मुखाशी, हरिहरेश्वरच्या बाजूचे बागमांडला आणि पलीकडचे वेसवी यांच्यामध्ये मोटारी वाहून नेणारी फेरीबोट चालते. कोकणच्या किनाऱ्यावर सहलीच्या लहान नावा वाढल्या आहेत. हौसेने केबिनची छोटी बोट बाळगणारी कुटुंबेही मुंबई-मांडवा परिसरात दिसतात. म्हणून कलणाऱ्या नावेचा प्रश्न जुना झालेला नाही. फक्त पोत्यांच्या जागी बॅटऱ्या, डिझेलच्या टाक्या आणि प्रवासी आले आहेत.

नाव वाऱ्याने कलते ते वेगळे. शिडात वारा भरला की ती झुकणारच आणि वारा पडला की पुन्हा सरळ होईल. काळजी करावयाची ती शांत पाण्यात, शिडे उतरलेली असताना आणि आत कोणी नसतानाही कायम राहणाऱ्या कलाची. तो आहे की नाही, हे डोळ्यांवर सोडू नये. पुष्कळदा नाव सरळ असते आणि डोलकाठीच तिरपी बसलेली असते. सावित्रीसारख्या भरती-ओहोटीच्या खाडीत आणखी दोन फसवणुकी होतात. ओहोटीत नावेची एक बाजू गाळाला टेकलेली असते, किंवा धक्क्याला घट्ट बांधलेला दोर पाणी उतरल्यावर तिला एका अंगाने ओढून धरतो. म्हणून पूर्ण भरतीला, दोर सैल सोडून, नाव मोकळी तरंगत असताना मोजणी करावी. दोन्ही काठांपासून पाण्यापर्यंतचे अंतर समोरासमोरच्या एकाच जागी मोजावे. तीन मीटर रुंदीच्या नावेत पाच सेंटिमीटरचा फरक आढळला, तर ती सुमारे एक अंशाने कललेली आहे असे समजावे.

फरक सापडला की बहुतेकांचा पहिला विचार असतो तो दुसऱ्या बाजूला वजन टाकण्याचा. वहीखात्यात वाढलेल्या माणसाला यातला धोका लवकर कळेल. तेरीज जुळत नाही, म्हणून फरकाची रक्कम उचंत खात्यात टाकून वही बंद करता येते. बेरजा जुळलेल्या दिसतात, पण चूक जागच्या जागी राहते. नावेत टाकलेले शिशाचे ठोकळे हेही एक उचंत खातेच आहे. नाव सरळ दिसते, मात्र तळाच्या एका कप्प्यात झिरपून साचणारे पाणी तसेच वाढत राहते.

म्हणून आधी शोध घ्यावा. तळाच्या फळ्या उचलून प्रत्येक कप्पा पाहावा. पाणी असेल तर ते चवीने ओळखावे. खारे असेल तर नावेला छिद्र आहे आणि गोडे असेल तर पावसाची गळती किंवा फुटलेली टाकी आहे. दोन बाजूंना दोन टाक्या असतील आणि त्यांना जोडणारी नळी उघडी राहिली असेल, तर थोडा कल येताच वरच्या टाकीतले पाणी खालच्या टाकीत उतरते आणि कल वाढवीत जाते. अशा वेळी दोष वजनाचा नसून एका उघड्या राहिलेल्या चावीचा असतो. त्यानंतर हळूहळू जमलेले सामान पाहावे. नाव बांधणाऱ्याने ती सरळच बांधलेली असते. पुढे मालक एका बाजूला जादा बॅटरी बसवितो, त्याच बाजूच्या कपाटात हत्यारांची पेटी ठेवतो, सुटा नांगर आणि साखळी टाकतो. प्रत्येक वस्तू किरकोळ वाटते, परंतु बेरीज किरकोळ राहत नाही. सर्व सुटे सामान धक्क्यावर उतरवून पुन्हा मोजणी केली, की दोष सामानाचा की नावेचा याचा निवाडा होतो.

वजन हलविण्याचा हिशेब सोपा आहे. येथे किलो एकटे कामाचे नाहीत. किलो गुणिले मध्यरेषेपासूनचे अंतर, हा गुणाकार महत्त्वाचा. जुन्या कोकणी मचव्यावर करता आली असती अशी चाचणी आजही करता येते. तांदळाचे ५० किलोचे पोते आधी बरोबर मध्यरेषेवर ठेवून दोन्ही काठांमधील फरक मोजावा. समजा, तो ६ सेंटिमीटर आला. मग तेच पोते वर आलेल्या बाजूकडे १ मीटर सरकवून पुन्हा मोजावे. फरक ६ वरून ४ सेंटिमीटर झाला, तर ५० चा गुणाकार २ सेंटिमीटर सुधारतो. सारा ६ सेंटिमीटरचा फरक घालविण्यासाठी १५० चा गुणाकार लागेल. तो १०० किलोचे नवे वजन दीड मीटरवर ठेवून मिळेल. पण जड बाजूला दीड मीटरवर असलेले ५० किलोचे सामान उचलून पलीकडे दीड मीटरवर ठेवले, तरी ते एकूण तीन मीटर सरकते आणि तोच १५० चा गुणाकार साधतो.

ही गोष्ट दुकानदारास नवी नाही. जमेची रक्कम चुकून नावे पडली, तर ताळ्यात फरक दुपटीने येतो. म्हणून मुरलेला मुनीम फरकाचा निम्मा आकडा वहीत शोधतो. नावेतही चुकीच्या बाजूचे वजन योग्य बाजूला नेले की लाभ दुप्पट होतो. शिवाय नाव जड होत नाही आणि पाण्यात अधिक बुडत नाही. वस्तू हलविण्याजोगीच नसेल, उदाहरणार्थ इंजिन किंवा स्वयंपाकाचा ओटा, तरच शेवटचा उपाय म्हणून नवे वजन घालावे. तळाशी घालावयाच्या अशा वजनाला जुने खलाशी नीरम म्हणत. आता बॅलास्ट हा शब्द रुळला आहे. ते शक्य तितके खाली आणि पक्के बांधलेले असावे. सुटे वजन लाटेत घरंगळले, तर ज्या बाजूसाठी ते घातले तिच्या विरुद्ध बाजूला जाऊन बसते.

येथवरचे सर्व उपाय एकाच बाजूला कलणाऱ्या नावेचे झाले. जी नाव आज डावीकडे आणि उद्या उजवीकडे कलते, थोड्या धक्क्याने एका अंगावरून दुसऱ्या अंगावर जाते, तिचा रोग निराळा आणि गंभीर आहे. तिचे वजन बाजूला नव्हे, तर वर गेलेले असते. छतावर सामान, वरच्या मजल्यावर माणसे आणि तळात अर्धवट भरलेल्या टाक्यांत हिंदकळणारे पाणी, अशी तिची स्थिती असते. अशा नावेत उंचावलेल्या बाजूला वजन टाकणे हा उपाय नव्हे, अपघाताला निमंत्रण आहे. ती सरळ होऊन थांबत नाही, दुसऱ्या अंगावर वेगाने कोसळते आणि कधी उलटतेही. तिच्यासाठी एकच क्रम योग्य. वरचे वजन खाली आणावे, माणसे शांतपणे खाली व मध्यभागी बसवावीत आणि तळातले मोकळे पाणी उपसावे.

हा केवळ तांत्रिक बारकावा नव्हे. १७ जुलै १९४७ रोजी मुंबईच्या भाऊच्या धक्क्यावरून रेवसकडे निघालेली ‘रामदास’ बोट भर पावसाळ्यात बुडाली आणि सहाशेंहून अधिक माणसे गेली. लाटेच्या तडाख्याने भेदरलेले प्रवासी एका बाजूला लोटले आणि बोट त्या अंगावर गेली, असे त्या दुर्घटनेचे वृत्तान्त सांगतात. आजच्या रायगड जिल्ह्यातील कितीतरी घरांत त्या दिवसाची आठवण अजून निघते. ७ मे २०२३ रोजी केरळातील तानूर येथे मासेमारीच्या बोटीवरून दुमजली केलेली सहलीची बोट उलटली, गर्दीने भरलेली. तीत २२ जण मृत्यू पावले, त्यांत अनेक मुले होती. दोन्ही घटनांमध्ये पाऊणशे वर्षांचे अंतर आहे. पाण्यावर माणूस हेही वजनच असते, आणि ते स्वतःच्या मर्जीने जागा बदलते, हे मात्र दोन्हीकडे सारखेच दिसते.

सावित्रीच्या काठाने पोलादपूरहून बाणकोटपर्यंत जाणाऱ्या कुटुंबाला महाडच्या चवदार तळ्याइतकेच, गांधारपाल्याच्या लेण्यांइतकेच पाहण्यासारखे काही बागमांडल्याच्या धक्क्यावर सापडते. फेरीबोटीवर मोटारी कशा चढविल्या जातात, हे तेथे पाच मिनिटे उभे राहून पाहावे. जड वाहनाला मध्यभागी जागा, मग एक मोटार डावीकडे आणि एक उजवीकडे. हाताच्या इशाऱ्यावर चालणाऱ्या त्या माणसांपुढे कागद नसतो, पण हिशेब तोच असतो, जो एकेकाळी महाडच्या धक्क्यावर तांडेल भरतीच्या अर्ध्या घटकेत करीत असे.

लहान नावेत पाऊल टाकण्यापूर्वी प्रवाशानेही आपल्या परीने हा हिशेब मांडावा. काठावरूनच नाव सरळ तरंगते आहे का, ते पाहावे. ती रिकामी असताना कललेली असेल, तर कारण विचारावे आणि समाधानकारक उत्तर न मिळाल्यास दुसरी नाव पाहावी. सामान पायाशी, मध्यावर ठेवावे. मुलांना मध्यभागी बसवावे आणि प्रत्येकाला जीवरक्षक जाकीट घालावयास लावावे. डॉल्फिन दिसला म्हणून सर्वांनी एकदम एका काठाला धावू नये. बसावयास सांगितले की बसावे. परतीचे भाडे आगाऊ दिले आहे, म्हणून भरलेल्या नावेत आणखी चौघे चढवू देऊ नयेत. बुडालेले भाडे पुन्हा कमावता येते.