धुळीची अंघोळ

मुलीला चिंचिला पाळायचा होता. मी नकार दिला. हा मऊ केसांचा प्राणी मूळचा अँडीज पर्वतातला. फरच्या व्यापारासाठी मथायस चॅपमनने १९२३ साली मोजके चिंचिला कॅलिफोर्नियात नेले. आजचे बहुतेक पाळीव चिंचिला त्यांचेच वंशज.

कराडशेजारचे आमचे मलकापूर चोवीस तास पाण्याच्या योजनेसाठी नावाजलेले. या प्राण्याची अंघोळ मात्र बारीक धुळीतच. जन्मभर वाढणारे दात झिजावेत म्हणून त्याला वाळलेले गवत हवे. लाडाने दिलेला गोड खाऊ बाधतो. २५ अंशांपुढे उष्माघाताचे भय, आणि आमचा वैशाख चाळिशीकडे झुकणारा. वातानुकूलित खोलीत तो जगेलही. पण वीज गेलेल्या दुपारी त्याने कोणाकडे पाहावे?