पुसलेली सही

जुन्या चित्रांची पारख करणे हे काही धर्मगुरूंचे काम नव्हे. परंतु चित्रांविषयी दोन-चार वेळा बोललो असल्यामुळे धर्मग्रामात तो लौकिक आम्हांला चिकटला, आणि खरे सांगायचे तर तो आम्हांला आवडूही लागला. त्या आवडीने काय केले, त्याची ही कबुली आहे.

काही वर्षांपूर्वी एका पावसाळ्यात एक वृद्ध मावशी जुन्या चादरीत गुंडाळलेले तैलचित्र घेऊन आमच्याकडे आल्या. नाशिकचा गोदाघाट, उतरत्या पायऱ्या, पलीकडे देवळांची शिखरे, संध्याकाळचे पिवळसर आकाश. आणि या सर्वांवर धुराचा व धुळीचा थर. आजेसासरे मुंबईत नोकरीला असताना कोणा चित्रकाराने ते त्यांना भेट दिले, एवढेच घरात ठाऊक होते.

"फादर, नातीला नर्सिंगला घालायचंय. भंगारवाला नुसत्या चौकटीचे पैसे देतो म्हणतो. तुम्ही एकदा बघा," त्या म्हणाल्या.

खाली उजव्या कोपऱ्यात सही होती. पहिले अक्षर इंग्रजी 'ए' असावे असे वाटले आणि आमचे मन एकदम एका नावाकडे धावले: अँतोनियो झेवियर त्रिंदाद! १८७० साली गोव्यात जन्मलेले, मुंबईच्या सर जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये शिकून तेथेच अध्यापन केलेले, १९३५ साली दिवंगत झालेले आपल्याच समाजातील हे थोर चित्रकार. पणजीच्या फुंदासांव ओरिएंत या संस्थेत त्यांची चित्रे आम्ही पाहिली होती. नाव वाचण्याची घाई झाली. ओले फडके घेतले, किंचित साबण लावला आणि कोपरा पुसला. फडक्यावर तपकिरी डाग उमटला. तो मळ समजून आणखी एकदा पुसले. मग पाहतो तो सही बहुतेक नाहीशी झालेली!

मावशींना त्या दिवशी आम्ही काही बोललो नाही. चित्र घेऊन मुंबईच्या एका चित्रसंवर्धक बाईंकडे गेलो. त्यांनी सर्वप्रथम ते उलटे केले. आम्ही इतके दिवस पुढूनच पाहत होतो! कापड लाकडी चौकटीवर लहान लोखंडी खिळ्यांनी ठोकलेले होते. यंत्राने मारलेल्या पिना पुढच्या काळातल्या. कापडावर विन्सर अँड न्यूटन या विलायती रंगविक्रेत्यांचा पुसट शिक्का होता. अशा शिक्क्यांतील मजकूर काळानुसार बदलत गेल्यामुळे त्यांवरून कापडाचा काळ अजमावता येतो. मग अतिनील दिव्याखाली त्यांनी चित्र न्याहाळले. जुने व्हार्निश हिरवट चमकते, नंतर केलेली रंगाची डागडुजी काळसर दिसते.

"चित्र विसाव्या शतकाच्या पहिल्या तीस वर्षांतले वाटते. हात शिकलेला आहे," त्या म्हणाल्या. "पण गोदाघाट त्या काळी मुंबईच्या कितीतरी चित्रकारांनी रंगवला. विषयावरून नाव ठरत नाही."

"आणि सही?" आम्ही विचारले.

"रंग ओला असताना केलेली सही खालच्या रंगाशी एकजीव होते. भेगा पडल्यानंतर कोणी केली असेल, तर तिचा रंग भेगांत उतरतो. सही खरी की मागाहून कोणी घातलेली, हे त्यावरून कळले असते. आता पाहण्याजोगे काही उरलेले नाही."

लिलावाच्या यादीत 'अमुक चित्रकाराचे' आणि 'अमुक चित्रकाराचे असावे' या दोन वाक्प्रयोगांच्या किमतींत जमीन-अस्मानाचे अंतर असते. त्यांतले कोणते मावशींच्या वाट्याला आले असते, हे कळण्याची वाटच आमच्या फडक्याने बुजवली. ज्याने नुकसान केले त्याने भरपाई करावी, असे सेमिनरीत आम्ही शिकलो होतो. परंतु ज्याची किंमतच ठरू शकत नाही, त्याची भरपाई किती करावी?

परत येऊन मावशींना सारे सांगितले. त्या बराच वेळ चित्राकडे पाहत राहिल्या. मग म्हणाल्या, "फादर, पुसलं तुम्ही, पण इतकी वर्षं धूळ आम्हीच साठू दिली ना!" त्या वाक्याने आमचे ओझे हलके झाले नाही, उलट वाढले. नातीची पहिल्या वर्षाची फी आम्ही आमच्या शिलकेतून पुढे केली. मावशींनी निम्मीच घेतली, तीही उसनी म्हणून, वहीत लिहून. चित्र त्यांनी विकले नाही. ते पुन्हा ओटीवर लागले आहे.

वाचकहो, आपल्यापैकी अनेकांच्या घरी असे एखादे चित्र असेल. त्याला पाणी, साबण, तेल, बटाटा काहीही लावू नका. पुढून-मागून, कडांसकट छायाचित्रे काढा. ते कोणी, कधी, कोणाला दिले हे थोरामोठ्यांना आजच विचारून लिहून ठेवा; जुनी पावती, पत्र वा चिठ्ठी असल्यास जपा. शंभर वर्षे पूर्ण झालेले चित्र १९७२ च्या कायद्यानुसार पुरावस्तू ठरते; परदेशातील नातलगाकडे ते परस्पर पाठवता येत नाही, हेही ध्यानी असू द्यावे. आणि कोणी जाणकार म्हणून पुढे आला, तर प्रथम तो चित्र उलटे करून पाहतो की हाती फडके घेतो, एवढे अवश्य बघा.

मावशींच्या ओटीवर आम्ही अजूनही जातो. चहा येईपर्यंत नजर त्या कोपऱ्याकडे वळते. तेथे पायऱ्यांच्या कडेला एक फिकट ठिपका आहे. तो तेवढा आमच्या हातचा.