धुराचा पत्ता

धुराविषयी आपले मत फारसे चांगले नाही. चुलीपुढे डोळे पुसणाऱ्या आमच्या आईने त्याला आयुष्यभर बोल लावले. नैयायिकांनी मात्र त्याला मान दिला. डोंगरावर धूर दिसतो, त्याअर्थी तेथे अग्नी असलाच पाहिजे, या दृष्टान्तावर त्यांनी पिढ्यान्‌पिढ्या अनुमान शिकविले. पण धूर थेट आपल्याच अंगणात येऊन उभा राहिला आणि पंचक्रोशीत कोठे ठिणगीही नसली, तर?

२०२३ च्या जूनमध्ये न्यू जर्सीत माझ्या लेकीच्या दारी नेमके हेच झाले. ७ तारखेला भर दुपारी आकाश नारिंगी झाले. आग होती शेकडो मैल उत्तरेला, कॅनडातल्या क्वेबेकच्या अरण्यांत. माझ्या नातवाला दमा आहे. "बाबा, हे किती दिवस चालायचे हो?" लेकीने फोनवर विचारले. पुण्यात तेव्हा मध्यरात्र होत आली होती. झोप उडालीच होती. संगणकावर उपग्रहाची चित्रे पाहात बसलो.

गोज-१६ नावाचा उपग्रह तेव्हा सुमारे ३६,००० किलोमीटर उंचीवरून अमेरिकेच्या पूर्व भागावर नजर ठेवून होता. पृथ्वीबरोबरच तो फिरे, म्हणून एके ठिकाणी खिळल्यासारखा भासे, आणि दर पाच मिनिटांनी नवे चित्र धाडी. ती चित्रे एकापुढे एक लावली की धूर चालू लागतो! ढग पांढरेशुभ्र दिसतात. धूर पिंगट-राखाडी, स्वच्छ पाण्यात गढूळ धार मिसळावी तसा. सूर्य कलला की तो अधिक उठून दिसतो. अवरक्त किरण मात्र त्यातून बरेचसे आरपार जातात, म्हणून धुराखालची धगही उपग्रहाला कळते. अमेरिकेच्या 'नोआ' या संस्थेतील जाणकार अशी चित्रे निरखून विरळ, मध्यम आणि दाट धुराच्या सीमा हाताने नकाशावर रेखतात.

त्या रात्री मला धुराचा पत्ता लागला. ईशान्येच्या किनाऱ्यापाशी कमी दाबाचा एक भोवरा रेंगाळला होता आणि घड्याळाच्या उलट फिरत क्वेबेकचा धूर दक्षिणेकडे ओढीत होता. भोवरा हलला म्हणजे धूर हटणार! मी उत्साहाने लेकीला हे सारे सांगितले.

ती म्हणाली, "ते खरे हो बाबा, पण आत्ता याला अंगणात सोडू की नको?"

याचे उत्तर चित्रात नव्हते. वरून पाहणाऱ्याला धुराची लांबीरुंदी दिसते. तो दोन मैल उंचावरून चालला आहे की पोराच्या नाकाशी आहे, हे नुसत्या चित्रावरून सांगता येत नाही. त्यासाठी जमिनीवर हवा मोजणारी यंत्रे लागतात. "तुमच्या गावचा हवेचा आकडा बघ आणि खिडक्या लावून घे," मी म्हणालो.

"केव्हाच लावल्यात. तुम्ही झोपा आता."

परदेशी मुलांचे आईबाप हे असे उपग्रहच. वारा कोठून येतो ते आम्हांला दिसते; घरातला श्वास ऐकू येत नाही. तरी नजर काढवत नाही. पुढे दोन-तीन दिवसांत तिकडचे आकाश निवळले, नातू अंगणात धावू लागला. मी मात्र चित्रे पाहातच राहिलो. जूनअखेर तोच धूर अटलांटिक ओलांडून युरोपवर पोचलेला मी पाहिला. तिकडेही कोणाचे तरी नातू असतीलच की!