जडसंग्रहातली पेटी

आयुष्यभर मुलांना शिकवून घरी बसलेल्या माणसाचे सेवानिवृत्तीचे पैसे एका मोडक्या पेटीपायी अडतात, हे मी शिक्षण खात्याबाहेरच्या कुणाला सांगितलं तर त्यांना खरं वाटत नाही. ते माझ्या डोळ्यांसमोर घडलं आणि आजही आठवलं की अंगाचा तिळपापड होतो.

माझी बहुतेक नोकरी देगलूर, मुखेड, बिलोली या पट्ट्यातल्या जिल्हा परिषद शाळांत झाली. तेलंगणाच्या सीमेजवळच्या एका शाळेत मुख्याध्यापिका म्हणून गेले तेव्हा चारपैकी एका खोलीला कायमचं कुलूप होतं. पहिली आणि दुसरी व्हरांड्यात भरायची. पाऊस वाकडा आला की मुलं दप्तरं उचलून भिंतीला चिकटायची. कुलूप काढलं तर आत पाय मोडलेली बाकडी, गंजलेलं कपाट, चिंध्या झालेले नकाशे, पोषण आहाराची भोकं पडलेली पातेली आणि बंद संगणक. हे टाकून का देत नाही, असं गावकरी विचारायचे. शाळेत आलेली प्रत्येक टिकाऊ वस्तू जडसंग्रह नोंदवहीत चढते, मोडली म्हणून ती आपोआप उतरत नाही. उतरवायची तर निर्लेखन करावं लागतं. शाळा व्यवस्थापन समितीचा ठराव, केंद्रप्रमुखांची पाहणी, वर प्रस्ताव, मूल्यांकन, मंजुरी, मग जाहीर लिलाव आणि आलेले पैसे जिल्हा परिषदेकडे जमा. एवढं करण्यापेक्षा खोलीला कुलूप लावणं सोपं. चार्ज देणारा यादीवर सही करतो, घेणारा सही करतो आणि भंगार पुढच्या मुख्याध्यापकाच्या गळ्यात पडतं.

माझ्या आधीचे मुख्याध्यापक, सगळं गाव त्यांना नुसतं गुरुजी म्हणायचं, मी रुजू होण्याआधीच निवृत्त झाले होते. त्यांच्या ना-देय प्रमाणपत्रासाठी पडताळणी झाली आणि यादीतली बाजाची पेटी सापडेना. ही पेटी खडू-फळा मोहिमेतली. १९८७-८८ मध्ये देशभर सुरू झालेल्या त्या योजनेत शाळेला दोन खोल्या आणि दोन शिक्षक मिळावेत असं ठरलं होतं. सोबत नकाशे, विज्ञानपेटी, खेळणी, ढोलकी, टाळ, पेटी असं साहित्य आलं. पुष्कळ शाळांत ते कपाटातच राहिलं. या शाळेत ते वाजलं. गुरुजी स्वतः पेटी वाजवत. जुने विद्यार्थी आता चाळिशीत आहेत, पण परिपाठाला गुरुजी पेटीवर बसायचे हे अजून सांगतात. भाता उंदरांनी कुरतडला तेव्हा पदरचे पैसे घालून त्यांनी तो देगलूरहून बदलून आणला होता. पुढे सूर गंजले, लाकडाला वाळवी लागली, आणि एका पावसाळ्यानंतर खोली झाडताना ती माती कुणीतरी उकिरड्यावर नेऊन टाकली. वापरून वापरून संपलेली वस्तू होती ती.

मी हे सगळं लिहून दिलं. समितीचा ठराव जोडला, गावातल्या जुन्या पालकांच्या सह्या घेतल्या. कार्यालयातल्या बाबूंनी कागद वाचलासुद्धा. म्हणाले, "मॅडम, पेटी दाखवा, निर्लेखनाचा प्रस्ताव घेतो."

"ती वाळवीनं खाल्ली."

"मग वाळवी लागलेली दाखवा."

"ती राहिलीच नाही."

"मग ती मोडकी म्हणता येत नाही. गहाळ झाली. गहाळ वस्तूची वसुली लागते."

मी हुज्जत घातली. ज्या शाळेत ही पेटी खोक्यातून निघालीच नाही, तिथल्या मुख्याध्यापकाला प्रमाणपत्र मिळतं, कारण वस्तू हजर आहे. ज्यानं ती मुलांसाठी झिजवली त्याच्यावर वसुली. हा कुठला न्याय? बाबू वाईट माणूस नव्हता. त्याने मला चहा पाजला आणि उद्या लेखापरीक्षणात आक्षेप निघाला तर त्याच्याच पगारातून जाईल, असं सांगितलं. तेही खरंच होतं. त्याला घाबरवणारा त्याच्या वर कुणी बसलेला होता, आणि त्याच्याही वर कुणी.

रक्कम फार मोठी नव्हती. पण तेवढ्यासाठी गुरुजींचं सगळंच अडून राहिलं. घरी मुलीचं लग्न ठरलेलं. मी त्यांना सांगत होते, भरू नका, भरलं की तुम्ही वस्तू हरवली हे मान्य केल्यासारखं होतं. ते म्हणाले, "जाऊ द्या मॅडम. एवढ्यासाठी कुठं फिरालाव उन्हातान्हात?" आणि एके दिवशी मला न सांगता चलन भरून मोकळे झाले. प्रमाणपत्र लगेच निघालं. नोंदवहीत पेटीच्या ओळीसमोर शेरा पडला: गहाळ, रक्कम वसूल. आयुष्यात खडूचा तुकडा घरी न नेलेल्या माणसाच्या नावापुढे. त्यांनी भरायला नको होतं, असं मला अजूनही वाटतं. पण लग्न माझ्या घरचं नव्हतं.

त्यानंतर मी ठरवलं की ही खोली रिकामी करायचीच. २०१७ च्या ऑगस्टमध्ये नगर जिल्ह्यात निंबोडीच्या शाळेचं छत कोसळून तीन मुलं गेली होती. त्यानंतर धोकादायक खोल्यांची विचारणा सुरू झाली, आणि आमची बंद खोली पाडण्याचाही प्रस्ताव पुढे सरकला. अभियंत्यांनी येऊन सागवानी तुळया मोजल्या, दारं-खिडक्या, पत्रे, शहाबादी फरशी, सगळं मोजून लिलावाची हातची, म्हणजे किमान, किंमत काढली. गावात दवंडी दिली.

आणि इथे माझंच मत डळमळलं. लिलावाला आलेले व्यापारी आधीच लिंबाखाली एकमेकांत बोलून बसले होते. बोली हातच्या किमतीच्या खालीच अडकली. एकजणही ती पुढे चढवायला तयार नाही. गावातले एक वजनदार गृहस्थ बाजूला बोलावून म्हणाले, "तुळया यादीत कशाला घेतल्याव? वाळवीनं खाल्ल्या म्हणून लिवा की." त्या तुळया खणखणीत होत्या. त्यांना घर बांधायचं होतं. मला त्यांच्याशी भांडायची गरज पडली नाही. नोंदवही उघडली, मूल्यांकनाचा कागद दाखवला आणि वस्तू जागेवर आहे, मोजलेली आहे, एवढंच सांगितलं. ज्या "वस्तू दाखवा"नं गुरुजींना छळलं, त्यानंच त्या दिवशी शाळेचं सागवान वाचवलं. लिलाव रद्द झाला, दुसऱ्यांदा ठेवला, तेव्हा किंमत आली. वाळवीनं खाल्लं म्हटल्यावर कुणी तपासायचंच नाही असं झालं, तर या भागातल्या जुन्या शाळांचं एकही दार जागेवर राहणार नाही, हे मला तेव्हा कळलं. तरी गुरुजींच्या बाबतीत झालं ते चूकच होतं. या दोन गोष्टींचा मेळ मला घालता येत नाही.

बाकड्यांचं मात्र चुकीचंच झालं. निम्म्यांची लोखंडी चौकट शाबूत होती, नुसत्या फळ्या ठोकल्या असत्या तर चालली असती. जवळच्याच एका वाडीच्या शाळेत मुलं पट्टीवर बसत होती. त्यांना द्या म्हटलं तर निर्लेखनाच्या यादीत गेलेली वस्तू आता वापरात देता येत नाही, असं उत्तर आलं. ती किलोच्या भावानं गेली. नव्या मुख्याध्यापकांना मी सांगते, दर मार्चच्या पडताळणीत मोडक्या वस्तूचा फोटो काढा, त्याच महिन्यात समितीचा ठराव घ्या, आणि दुसऱ्या शाळेला चालेल ते निर्लेखनाच्या यादीत जाण्याआधी लेखी मागणी घेऊन वर्ग करा. वस्तूची माती होईपर्यंत थांबू नका.

संगणक मी लिलावाच्या यादीत घेतले नाहीत. जुन्या जाड पडद्यांच्या काचेत शिसं असतं. भंगारवाला तांब्यासाठी ते दगडानं फोडतो, आणि तिथेच पोरं खेळतात. २०१६ च्या ई-कचरा नियमांत शिक्षणसंस्था मोठ्या ग्राहकांत मोजल्या होत्या, कचरा परवानाधारकालाच द्यायचं बंधन होतं. १ एप्रिल २०२३ पासूनच्या नियमांत मोठा ग्राहक म्हणजे वर्षात किमान एक हजार नग वापरणारा. सहा संगणकांची शाळा त्यात कुठे बसणार? पण सगळ्या जिल्ह्याच्या शाळांचे नग एकत्र मोजले तर हजारांवर जातील. म्हणून मी लिहून मागणी केली की प्रत्येक शाळेला वेगळा लिलाव करायला लावू नका. केंद्रवार गाडी फिरवून हे एकत्र गोळा करा आणि परवानाधारकाला द्या. तोवर ते संगणक माझ्या कार्यालयात, टेबलामागे रचून ठेवले आहेत. तपासणीला येणारा प्रत्येकजण ते का ठेवले म्हणून विचारतो, आणि मी त्यांना मागणीच्या पत्राची प्रत देते.